बर्ड फ्लू कोंबड्यांत झपाट्याने, माणसांत क्वचितच. कारण पेशीवरची साखर

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पण त्याच शेडमध्ये राबणाऱ्या माणसांच्या तपासणीत लागण सापडली नाही. असं का झालं?

याचं एक मोठं कारण साखरेत आहे. चहातली नव्हे, अन् डॉक्टर तपासतात ती रक्तातली 'शुगर'ही नव्हे. आपल्या पेशींच्या बाहेर साखरेच्या बारीक साखळ्या गवतासारख्या असतात. त्यांच्या टोकाला असते सियालिक आम्ल नावाची साखर. फ्लूचा विषाणू आधी तिला चिकटतो, मग आत घुसतो.

हे टोक जोडलं जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पक्ष्यांत एक तऱ्हा भरपूर, माणसाच्या नाका-घशात मुख्यतः दुसरी. बर्ड फ्लूची पकड पहिलीवर घट्ट बसते, दुसरीवरून निसटते. मात्र आपल्या फुप्फुसात अगदी खोलवर पक्ष्यांसारखी टोकंही आहेत. विषाणू तिथवर गेला तर आजार जबर होतो. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले.

साखर विषाणूच्या अंगावरही असते. ती त्याची स्वतःची नसते. ज्या पेशीत तो वाढतो तिथूनच मिळते. चोराने आपल्याच घरातली घोंगडी पांघरावी, तसा प्रकार. शरीराचे रक्षक फसतात. १९६८ पासून माणसांत फिरणाऱ्या एच३एन२ फ्लूची ही घोंगडी वाढतच गेलीय. फ्लूची लस वरचेवर बदलावी लागते, त्याचं हेही एक कारण. कोरोनाच्या काट्यांवरही अशीच साखर होती.

पेशीतून बाहेर पडताना नवे विषाणू पुन्हा त्याच साखरेला चिकटतात. ती कापायला त्यांच्याकडे कात्री असते. टॅमिफ्लू हे औषध ती कात्रीच अडकवतं.

सध्या चिकन-अंडी नीट शिजवून खायला हरकत नाही, उष्णतेने विषाणू मरतो. खरी जोखीम शेडमधल्या विष्ठेच्या धुळीत अन् मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलण्यात आहे. तोंडाला मास्क, हातात मोजे हवेतच. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तिथून नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. विषाणूची पकड माणसाच्या साखरेकडे वळतेय का, हे अशा नमुन्यांवरूनच कळतं.