डॉबी सुटला, क्रीचरचे काय?

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या पोरापोरींच्या हाती आता 'हॅरी पॉटर' दिसतो. काही कार्यकर्ते नाक मुरडतात. आम्ही मात्र जे. के. रोलिंगबाईंची ही पुस्तके वाचली. जादूच्या जगातही रक्तशुद्धीचे खूळ आहेच! हर्मायनीचे आईबाप जादूगार नव्हेत, दातांचे डॉक्टर. म्हणून वर्गातली सर्वांत हुशार पोरगी 'घाणेरड्या रक्ताची' ठरते. हे आपल्या पोरांना समजावून सांगावे लागत नाही.

पण खरा प्रश्न जादूगारांच्या घरी पिढ्यान्पिढ्या बिनपगारी राबणाऱ्या बुटक्या गुलामांचा आहे. १९९८ च्या दुसऱ्या भागात हॅरी युक्तीने डॉबीला सोडवतो. २००० च्या चौथ्या भागात हर्मायनी या गुलामांसाठी संघटना काढते, तर मित्रच तिला हसतात. बहुतेक गुलामांनाही मुक्ती नकोशी वाटते. २००७ च्या शेवटच्या भागात लढाई जिंकलेल्या हॅरीच्या मनात येते, क्रीचर सँडविच आणून देईल का? हा क्रीचर त्याला घराबरोबर वारसाहक्काने मिळालेला. मालमत्तेच्या यादीत जिवंत जीव!

एक गुलाम सुटला म्हणजे गुलामगिरी संपली नव्हे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती साऱ्या व्यवस्थेविरुद्ध. म्हणून पोरांनो, हॅरी जरूर वाचा. पण उभे राहा हर्मायनीच्या बाजूने.