वीस फुटांवरचा तो प्राणी

ऑक्टोबर १९५५. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या मायका डोंगरावर विल्यम रो हा मुरलेला शिकारी एका मोकळवनापाशी पोचला, तेव्हा पलीकडच्या झुडपांत त्याला ग्रिझली अस्वल दिसलं. अंतर ७५ यार्ड. मारलं तरी एवढं धूड खाली न्यायचं कसं, म्हणून तो बंदूक हातात धरून नुसता बघत बसला. तेवढ्यात ते ‘अस्वल’ उठून उघड्यावर आलं.

उंची सहा फूट, वजन १३५ किलोच्या आसपास, गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, अंगभर टोकाशी चंदेरी झालेले गडद तपकिरी केस. मादी होती. रो दडला होता त्याच झुडपापर्यंत ती आली, वीस फुटांवर उकिडवी बसली आणि फांद्या ओढून दातांनी पानं ओरबाडू लागली. ओठ पानांभोवती सहज वळत होते. मग तिला त्याचा वास लागला असावा. ती चार पावलं मागे सरकली, ताठ उभी राहिली आणि मागे वळून बघत झपाझप निघून गेली. रोने बंदूक रोखली होती, पण हे माणूसच असावं असं वाटून त्याने ती खाली केली. १९५७ मध्ये त्याने हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या रानांत राहतो असं मानला जाणारा केसाळ, वानरासारखा प्राणी; त्याच्या साहित्यात इतकी तपशीलवार साक्ष क्वचितच सापडते.

रो खोटं बोलला असं मला वाटत नाही, आणि तसं मानायची गरजही नाही. चंदेरी टोकांचे केस ग्रिझलीला असतात. अस्वलाचे ओठ हिरड्यांना जखडलेले नसतात, म्हणून ते फांदीवरची पानं आणि फळं अलगद ओरपून घेतं. ते मागच्या पायांवर उभं राहतं, थोडं चालतंही. हात आणि माणसासारखी चाल मात्र अस्वलात बसत नाही. पण पाहणं आणि लिहून देणं यांत जवळजवळ दोन वर्षं गेली होती. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते आणि त्या रचनेत नंतर ऐकलेलं, मनात घोळवलेलंही मिसळतं. प्रामाणिक माणूसही याला अपवाद नसतो.

शिवाय प्रश्न एकट्या रोचा नाही. २०२४ साली ‘जर्नल ऑफ झूलॉजी’त आलेल्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या बिगफूट दिसल्याच्या नोंदी काळ्या अस्वलांच्या संख्येशी ताडून पाहिल्या. दर हजार अस्वलांमागे नोंदी सुमारे चार टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. केसांची कथाही तशीच. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २०१४ मध्ये जगभरातून आलेल्या ‘अज्ञात वानरां’च्या ३० केसांचा डीएनए तपासला. निघाली अस्वलं, गाई, घोडे, साळिंदर, रकून. एक केस चक्क माणसाचा होता. वानराचा म्हणावा असा नवा डीएनए एकाही केसात नव्हता. हिमालयातल्या यतीच्या नऊ नमुन्यांचा निकाल २०१७ मध्ये आला: आठ अस्वलं, एक कुत्रा.

माझा खरा आक्षेप लोकसंख्येचा आहे. एकटा प्राणी शतकभर टिकत नाही. नर, मादी, पिल्लं असा मोठा कळप पिढ्यानपिढ्या लागतो, आणि कळप म्हटला की मेलेली जनावरं आली, हाडं आली, रस्त्यावर गाडीखाली सापडणं आलं. दरवर्षी असंख्य शिकारी ही रानं तुडवतात, झाडाझाडांवर कॅमेरा ट्रॅप बसले आहेत. तरी एक दात हाती लागलेला नाही.

आणि एक दात पुरतो. १९३५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ फॉन कोनिग्सवाल्ड यांना चिनी औषधांच्या दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकली जाणारी एक अजस्र दाढ मिळाली आणि त्यावरून त्यांनी जायगँटोपिथेकस हा महाकाय वानर ओळखला. पुढे दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून तो ओरांगउटानचा दूरचा नातेवाईक ठरला. हा वानर दक्षिण चीनमध्ये दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी संपला. बिगफूट त्याचाच वंशज म्हणावा, तर अमेरिका खंडात त्याचा एकही अवशेष मिळालेला नाही.