पाट्यावरचे लोणीफळ

गेल्या आश्विनात आमचा मुक्काम मोखाडे तालुक्यात सूर्यमाळ येथे होता. पाऊस ओसरला होता आणि उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. मुंबईहून आलेल्या आमच्या नातीने पिशवीतून चार हिरवी, नासपतीच्या घाटाची फळे काढून ओटीवर मांडली आणि "आजोबा, ही आजीसाठी," म्हणून सांगितले. आमच्या कुटुंबास डॉक्टरांनी तूप व तळण वर्ज्य केल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. चार घास घ्यावे आणि ताट सारावे, असे दोन महिने चालले होते. अशा वेळी फळ स्वदेशी की परदेशी, हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

फळाचे नाव ॲव्होकाडो. कानडी मुलखात त्यास 'बेण्णे हण्णु' म्हणजे लोणीफळ म्हणतात, व ते नाव अन्वर्थक आहे. मूळचे ते मेक्सिकोकडचे. दालचिनी व तमालपत्र यांच्याच कुळातले. आता ते कुर्ग, निलगिरी या भागांतही पिकते. त्याच्या कालवणास तिकडील जुन्या नाहुआत्ल भाषेत 'आवाकमोल्ली' म्हणत. 'आवाकात्ल' म्हणजे हे फळ व 'मोल्ली' म्हणजे कालवण. आमच्या व्याकरणाने सरळसरळ तत्पुरुष. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे 'ग्वाकामोले' झाले.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. उतावळेपणाने एक फळ चिरले, तो आत कच्च्या भोपळ्यासारखे कडक आणि चवीस कडवट! मोलाचे फळ वाया गेले. मागाहून कळले की, हे फळ झाडावर पिकतच नाही; तोडल्यानंतरच मऊ पडते. मग आंब्याच्या अढीची आठवण झाली. उरलेली तीन फळे एका पिकल्या केळ्यासह कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली. पिकत्या केळ्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचे फळही पिकते. चौथ्या दिवशी देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहिले, तो फळ किंचित दबले.

कृती दहा मिनिटांची आहे. प्रथम पाट्यावर एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर व मीठ बारीक वाटावे. दोन फळांचा गर चमच्याने काढून त्यावर घ्यावा आणि वरवंट्याने नुसता चेचावा. गंधासारखा वाटू नये, मधूनमधून खडे राहिले म्हणजे गोडी येते. वर अर्धे लिंबू पिळावे. बारीक चिरलेला कांदा व टोमॅटो घालण्याचा तिकडे प्रघात आहे. आमच्या घरी चातुर्मास असल्याने कांदा गाळला व आले किसून घातले. काही बिघडले नाही. मेक्सिकोत हे कालवण तीन पायांच्या काळ्या दगडी खलात वाटतात. तो दगड ज्वालामुखीचा, आणि आमचा पाटाही सह्याद्रीच्या तशाच काळ्या पाषाणाचा. मिरचीदेखील त्याच अमेरिकेतून आपल्याकडे आली, हे सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

वाटण केल्यावर लगेच खावे, कारण वारा लागताच ते काळवंडते. लिंबाने हे लांबते, थांबत नाही. कोय भांड्यात ठेवली असता रंग टिकतो, असे सांगतात. आम्ही ठेवून पाहिली. कोयीखालचे तेवढे हिरवे राहिले. त्यापेक्षा केळीचे पान वरून घट्ट दाबून बसवावे.

शंभर ग्रॅम गरात सुमारे पंधरा ग्रॅम स्निग्धांश असतो. तो बहुतांशी ऑलिव्ह तेलाच्या जातीचा, म्हणून हृदयास तुपापेक्षा हितकर मानतात. तंतू सुमारे सात ग्रॅम. पण उष्मांक १६०च्या घरात, तेव्हा पथ्याचे म्हणून वाटीभर खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण यात पोटॅशियम पुष्कळ असते.

त्या दिवशी नागलीच्या भाजलेल्या पापडाबरोबर कुटुंबाने ते खाल्ले, आणि पुन्हा मागून घेतले. आम्हांस किती बरे वाटले, हे काय सांगावे!

परंतु जवळच्या पाड्यावरून कामास येणाऱ्या बाईंना नातीने बशीत थोडे दिले, तेव्हा आम्ही मनातून ओशाळलो. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे १९९२चे बालमृत्यू आम्ही विसरलेलो नाही. अशा मुलखात मुंबईच्या महागड्या फळाची थोरवी कोणी कोणास सांगावी? बाईंनी मात्र बोट चाटून शांतपणे म्हटले की, आमच्या खुरासणीचेही असेच तेल सुटते.

आणि ते खरेच आहे. खुरासणीच्या दाण्यात शेकडा ३५ ते ४० तेल असते, प्रथिने शेकडा वीसच्या आसपास. तीही मूळची इकडची नव्हे, हबसाणातली, म्हणजे आजच्या इथिओपियातली. पण येथील वरकस जमिनीत, थोड्या मेहनतीत पिकते. बाईंनी दुसऱ्या दिवशी मागील साली राखलेले पसाभर दाणे आणले. ते मंद आचेवर भाजावे, तडतडू लागताच उतरावे, नाहीतर कडू होतात. मग सुकी मिरची व मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटावे. बाई लसूण घालतात; आम्ही चिंचेचे बुटुक घातले.

लोणीफळे संपली होती. कुटुंबाने पाट्याकडे पाहून विचारले, "आज काय वाटलेत?" आम्ही काही न बोलता भाकरीवर काळी चटणी वाढली. नात दारात उभी राहून आजीच्या हातातली भाकरी किती उरली ते पाहत होती.