कोंबडीच्या मांसातील औषधांचे अवशेष

कोंबडीचे मांस हे आज शहरात व खेड्यात सारखेच सुलभ झालेले अन्न आहे. एके काळी सणासुदीला किंवा पाहुणा आला म्हणजे कापली जाणारी कोंबडी आता आठवड्याच्या बाजारातील नेहमीची वस्तू झाली आहे. तिच्याबरोबर एक शंकाही घरोघर आली आहे. औषधे घालून वाढविलेली कोंबडी खाणे सुरक्षित नाही, असे म्हटले जाते. परदेशातून येणाऱ्या गोठविलेल्या मांसाविषयी ही शंका विशेष तीव्र असते. डोळ्यांदेखत कापून दिलेली कोंबडी मात्र निर्धास्तपणे घरी नेली जाते. ही शंका कितपत खरी आहे, आणि तिचा रोख योग्य ठिकाणी आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. मांसासाठी वाढविलेली कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोग्रॅमच्या आसपास भरते, ती संप्रेरकांची इंजेक्शने देऊन, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः ही वाढ अनेक पिढ्यांच्या निवडीने तयार केलेल्या वाणाची आणि समतोल खाद्याची आहे. खरा प्रश्न संप्रेरकांचा नसून प्रतिजैविकांचा आहे.

औषध खाद्यात कसे आले

मातीतील एका सूक्ष्म जीवापासून बेंजामिन डग्गर यांनी मिळविलेले ऑरिओमायसिन, म्हणजेच क्लोरटेट्रासायक्लिन, हे प्रतिजैविक इ. स. १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने जाहीर केले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा भीमवरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. याच प्रयोगशाळेतील टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टाड हे त्या काळी कोंबड्यांच्या पिलांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त पुरवठा शोधीत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला किण्वनाचा चोथा त्यांनी पिलांना खाऊ घातला, तेव्हा केवळ जीवनसत्त्वाने होईल त्याहून अधिक वाढ दिसून आली. चोथ्यात उरलेल्या किंचित प्रतिजैविकाचा हा परिणाम होता. १९५० साली ही वार्ता प्रसिद्ध झाली आणि थोड्याच काळात रोग्याचे औषध निरोगी पक्ष्याच्या रोजच्या खाद्यात जाऊन बसले.

या पद्धतीविषयीचा पहिला ठळक इशारा १९६९ साली ब्रिटनमधील स्वान समितीने दिला. स्वीडनने १९८६ साली केवळ वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले आणि १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने तोच नियम सर्व सदस्य देशांस लागू केला.

अवशेष म्हणजे काय

कोंबडीस दिलेले औषध तिच्या रक्तावाटे सर्व शरीरात पसरते. पुढे यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. म्हणून मांसापेक्षा या दोन अवयवांत अवशेष बहुधा अधिक सापडतो. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे कॅल्शियमशी बांधली जात असल्याने हाडांत दीर्घकाळ राहतात. एन्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाचा काही भाग पक्ष्याच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये बदलतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे तर माणसाचेच औषध होय.

औषध बंद केल्यावर शरीरातील त्याचे प्रमाण दिवसागणिक उतरत जाते. ते ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत पक्षी कापावयाचा नाही, असा नियम असतो. या मधल्या दिवसांस विरामकाळ म्हणता येईल. विरामकाळ पाळला गेला, तर औषध दिलेली कोंबडीही खाण्यास योग्य ठरते. तो मोडला गेला, तर उत्तम औषधही दोषास पात्र होते.

मर्यादा कशी ठरते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. टेट्रासायक्लिन वर्गासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज ३० मायक्रोग्रॅम हे निर्धोक प्रमाण मानले आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास हे प्रमाण १,८०० मायक्रोग्रॅम होते. कोडेक्स या जागतिक अन्नसंहितेने दर किलोग्रॅममागे मांसात २००, यकृतात ६०० व मूत्रपिंडात १,२०० मायक्रोग्रॅम इतकी मर्यादा घातली आहे. एखाद्याने दररोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम कलेजी व १० ग्रॅम मूत्रपिंड खाल्ले आणि ते सर्व मर्यादेच्या काठावर असले, तरी पोटात जाणारे औषध ६० अधिक ६० अधिक १२, म्हणजे १३२ मायक्रोग्रॅम भरते. दूध व अंडी यांचा वाटा मिळविल्यानंतरही ते निर्धोक प्रमाणाच्या पुष्कळ खाली राहते.

सर्व औषधांस मात्र हा हिशेब लागू पडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्या व्यक्तीच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होण्याचे थांबते, आणि हा परिणाम मात्रेच्या प्रमाणात होत नाही. नायट्रोफ्युरान वर्गातील औषधे कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. अशा द्रव्यांसाठी निर्धोक प्रमाण ठरवता येत नसल्यामुळे खाद्यप्राण्यांत त्यांचा वापरच निषिद्ध मानला जातो.

सीमेवरची तपासणी

आयात मांसातील अवशेषांचे एक गाजलेले प्रकरण २००२ साली युरोपात घडले. थायलंड व ब्राझील येथून आलेल्या कोंबडीच्या मांसात नायट्रोफ्युरानच्या खुणा आढळल्या. मूळ औषध काही तासांतच शरीरातून नाहीसे होते. म्हणून केवळ त्याचाच शोध घेणाऱ्या चाचणीस मांस निर्दोष दिसे. परंतु त्याचे विघटित अंश मांसातील प्रथिनांशी बांधले जाऊन कित्येक आठवडे टिकतात. ते अंश ओळखणारी सूक्ष्म पद्धती हाती येताच दोष उघडकीस आला. ज्या द्रव्याचा शोध घेतला जातो तेवढेच सापडते, हा त्या प्रकरणाचा मुख्य बोध होय.

भारतातील चित्र निराळे आहे. येथे खाल्ली जाणारी कोंबडी जवळजवळ सर्व देशातच वाढविलेली असते. कोंबडीच्या तुकड्यांवर दीर्घकाळ १०० टक्के आयातशुल्क राहिले. अमेरिकेतील मांसास भारताने केलेल्या मनाईचा वाद जागतिक व्यापार संघटनेपुढे गेला आणि जून २०१५ मध्ये अपिलातही भारताच्या विरुद्ध निर्णय झाला. पण त्या वादाचे कारण औषधांचे अवशेष नसून बर्ड फ्लू हे होते. तात्पर्य, छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, ग्राहकास अवशेषांची चिंता करावयाची असेल, तर ती बंदराकडे नव्हे, जवळच्या तालुक्यांतील शेडकडे पाहून केली पाहिजे.

घरचा बाजार

दिल्ली येथील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ साली राजधानी परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मिळाले. सुमारे १७ टक्के नमुन्यांत तर ते एकाहून अधिक होते. नमुने मोजके व एकाच भागातील असल्यामुळे त्यांवरून मराठवाड्याविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ज्या रीतीने तेथे पक्षी वाढविले जातात त्याच रीतीने ते येथेही वाढविले जातात, ही गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे.

कायदा नाही, असे नव्हे. २०१२ साली औषध नियमांत दुरुस्ती होऊन खाद्यप्राण्यांच्या औषधांच्या वेष्टनावर विरामकाळ छापणे आवश्यक झाले. ज्या औषधाचा विरामकाळ निश्चित झालेला नाही, त्यासाठी अंडी व दूध यांच्या बाबतीत किमान ७ दिवस आणि मांसाच्या बाबतीत किमान २८ दिवस ठरविण्यात आले. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखावयाचे कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांसाठी विकण्यास जुलै २०१९ मध्ये बंदी झाली. २०२५ साली क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्यावरही तशी बंदी आली, आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून अन्नातील प्रतिजैविकांविषयीचे अधिक कडक नियम लागू झाले.

नियम आणि व्यवहार यांतील अंतर मात्र साध्या गणितानेही दिसते. पक्ष्याचे सगळे आयुष्य ४० दिवसांचे धरले, तर २८ दिवसांच्या विरामकाळाचे औषध बाराव्या दिवसानंतर देताच येत नाही. श्वसनाचे विकार व जंतुजन्य अतिसार मात्र पक्षी मोठे होऊन शेडमध्ये दाटी झाल्यावरही उद्भवतात. अशा वेळी औषध न द्यावे, तर पक्षी मरतात. औषध देऊन थांबावे, तर खाद्याचा खर्च चढतो आणि ठरलेल्या वजनाची वेळ टळते. करारपद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनीची असतात, आणि पालकास वजनावर मोबदला मिळतो. पक्षी कोणत्या दिवशी उचलावयाचे हेही बहुधा कंपनीच ठरविते. विरामकाळ पाळण्याची जबाबदारी मग नेमकी कोणावर, हे अस्पष्ट राहते.

मराठवाड्यातील उन्हाळा ही अडचण वाढवितो. औषध बहुधा पिण्याच्या पाण्यातून दिले जाते. उष्म्यात पक्षी अधिक पाणी पितात. म्हणून पाण्यातील औषधाचे प्रमाण तेच ठेवले, तरी शरीरात जाणारी मात्रा वाढते. याखेरीज रोगनिदान न करता औषध देण्याची सवय आहेच. मानमोडी हा रोग विषाणूचा असून त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही; लस हाच त्यावरील उपाय होय.

शेवटी पक्षी दुकानात जिवंत पोहोचतो. त्याच्यावर वेष्टन नसते, शेडचे नाव नसते, औषधाची तारीख नसते. ताजेपणा डोळ्यांना दिसतो, अवशेष दिसत नाही. परदेशी मालाच्या पेटीवर निदान कोणाचे तरी नाव असते. या पक्ष्याचा माग मात्र दुकानाच्या दारातच संपतो.

खरी हानी कोणती

वर दिलेल्या हिशेबावरून असे दिसेल की, मर्यादेतील अवशेषांमुळे खाणाऱ्यास विषबाधा होण्याची भीती अल्प आहे. मोठी हानी अन्यत्र आहे. औषध दिलेल्या पक्ष्यांच्या आतड्यांत दुर्बल जंतू मरतात आणि त्या औषधास दाद न देणारे टिकून वाढतात. हे जंतू मांसावर, शेडमधील भुशात आणि खत म्हणून शेतात पोहोचतात. अमेरिकेने १९९६ साली कोंबड्यांसाठी संमत केलेले एन्रोफ्लॉक्सॅसिन २००५ साली मागे घेतले, ते याच कारणाने. माणसात अतिसार घडविणारे कॅम्पिलोबॅक्टर जंतू या वर्गाच्या औषधांस जुमानेनासे झाले होते. कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकतो, हे चीनमधील संशोधकांनी २०१५ साली दाखविले. तो गुण धारण करणारे जंतू डुकरांत व कोंबडीच्या मांसातही आढळले होते.

छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने या गोष्टीस विशेष अर्थ आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. या कंपनीच्या लेव्होनाडिफ्लॉक्सॅसिन या नव्या प्रतिजैविकास २०२० साली भारतात संमती मिळाली, आणि न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन सुमारे चौदा वर्षांच्या परिश्रमानंतर २०२४ साली पुढे आले. जुन्या औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंसाठीच ही औषधे निर्माण करावी लागली. पहिले औषध ज्या क्विनोलोन कुळातील आहे, त्याच कुळातील एन्रोफ्लॉक्सॅसिन कोंबड्यांना दिले जाते; दुसऱ्याचे नाते मॅक्रोलाइड कुळाशी आहे, आणि कोंबड्यांच्या श्वसनविकारावर वापरले जाणारे टायलोसिन त्याच कुळातले. एका कुळातील औषध शेडमध्ये उधळले जावे आणि त्याच कुळातील नवे औषध शोधण्यासाठी जवळच्याच प्रयोगशाळेत एक तप खर्ची पडावे, ही विसंगती होय. तिची किंमत अखेर घाटी रुग्णालयातल्यासारख्या खाटेवर पडलेल्या रोग्यास द्यावी लागते, मग त्याने आयुष्यात कोंबडी खाल्लेली असो वा नसो.

उपायांची दिशा

महाराष्ट्रास अवशेषांचा प्रश्न नवा नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अवशेष सापडून बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. द्राक्षांच्या निर्यातीसाठी बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि माल जाण्यापूर्वी प्रयोगशाळेतील तपासणी ही व्यवस्था त्यापूर्वीच उभी राहू लागली होती. या आघातानंतर ती अधिक काटेकोर झाली. जे बागायतदाराने परक्या ग्राहकासाठी करून दाखविले, ते कुक्कुटपालकास घरच्या ग्राहकासाठी अशक्य नाही. युरोपीय संघाने तर ३ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरवून, वाढीसाठी प्रतिजैविके दिलेल्या प्राण्यांचे पदार्थ बाहेरूनही येऊ न देण्याचे धोरण आखले आहे.

प्रत्येक तुकडीसाठी औषधाची वही असावी आणि पक्षी उचलणाऱ्याने ती पाहूनच माल घ्यावा. अखेरच्या आठवड्यांतील खाद्य औषधविरहित असावे. निदान पशुवैद्याकडून व्हावे, आणि शेडमधील स्वच्छता, हवा व लसीकरण यांनी औषधाची गरजच कमी करावी. बाजारातील यकृताचे नमुने प्रथम साध्या जंतुरोधक चाचणीने तपासून संशयित तेवढेच सूक्ष्म उपकरणांकडे पाठविल्यास खर्चही आवाक्यात राहील. विद्यापीठे व महाविद्यालये यांना येथे करण्याजोगे पुष्कळ काम आहे.

ग्राहकाच्या हाती मर्यादित गोष्टी आहेत. मांस पूर्ण शिजविल्याने जंतू मरतात. औषध मात्र उष्णतेने पूर्णपणे नष्ट होत नाही. कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जंतू ओट्यावर उडतात. म्हणून विळी, पाट व हात साबणाने धुणे अधिक हितकर. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुकानदारास प्रश्न विचारणे. कोंबडी परदेशी आहे की देशी, या प्रश्नाने फारसे काही साधत नाही. तिला अखेरचे औषध कोणत्या दिवशी दिले, हा प्रश्न जेव्हा बाजारात नेहमीचा होईल, तेव्हा त्याचे उत्तर लिहून ठेवणेही शेडमध्ये भाग पडेल.