नवजाताचे वृक्क : मापाची नोंद हवी

जन्मतः अडीच किलोहून कमी भरलेल्या बालकाचे वजन वाढू लागले की घरची मंडळी निश्चिंत होतात. वृक्कांची गोष्ट निराळी आहे. मूत्र गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, गर्भावस्थेच्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंतच निर्माण होतात. पूर्ण दिवसांच्या बालकात पुढे त्यांची संख्या वाढत नाही. वाढतो तो केवळ आकार. ही संख्या मुळात कमी असल्यास पुढील आयुष्यात रक्तदाब वाढण्याचा संभव असतो, असे मत ब्रेनर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. जिवंत बालकात नेफ्रॉन मोजणे व्यवहारात शक्य नसल्याने सोनोग्राफीने वृक्काचे आकारमान पाहून अंदाज बांधला जातो.

हा विषय आपल्या प्रांतास परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजातांची मापे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी ताडून २००३ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी वजन तेथे ३.५ किलो, येथे २.७. त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. पोटाचा घेर मात्र बराच कमी, अर्थात उदरातील अवयवही लहान असावेत. (मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क, हे येथे आठवते, पण तेवढ्यावरून सिद्धांत बांधण्याची घाई नको.) ती मापे फितीची होती. फितीला वृक्क वेगळा दिसत नाही.

पूर्ण दिवसांच्या नवजाताचा वृक्क साधारण ४ ते ५ सें.मी. लांब असतो. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०.५२ ने गुणले असता घनफळ मिळते. लहान बालकाचा वृक्क लहान असणारच. म्हणून हा अंक त्याच्या वजनाशी व लांबीशी ताडूनच वाचावा. प्रत्येक नवजाताची सोनोग्राफी करावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याची झाली आहे त्याच्या अहवालात ‘दोन्ही वृक्क प्राकृत’ एवढाच शेरा असेल, तर पुढे तुलना कशाशी करणार? क्ष-किरणतज्ज्ञांकडून मापे मागून घ्यावीत.

महालात बाळगुटीसाठी आजही प्रथम औषधाचे दुकानच गाठले जाते. विक्रेत्यांनी बालकाचे जन्मवजन अवश्य विचारावे व धातुघटित कल्प, विशेषतः नागभस्मयुक्त, अशा बालकासाठी कदापि देऊ नयेत. वैद्यांनी तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता त्याचा रक्तदाब पाहावा. त्यासाठी बालकाच्या दंडाच्या मापाची पट्टी लागते. मोठ्यांची पट्टी गुंडाळल्यास आकडा खोटाच कमी येतो.