डोक्यावरचं माथेरान

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भिशीच्या बायकांची सहल माथेरानला गेली. दस्तुरी नाक्याला गाडी सोडली. पुढे मोटारींना बंदी. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालाय. लाल माती, जांभळीची गार सावली, नशीब असेल तर फांदीवर शेकरू. धूर नाही, हॉर्न नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण मैत्रिणींनो, गाडी नाही म्हणजे सामान कुणीतरी वाहणारच ना? माझ्याच वयाच्या एका बाईनं चुंबळ ठेवून आमच्या दोन बॅगा डोक्यावर घेतल्या. आत साड्या, फराळाचे डबे आणि (सांगायला लाज वाटते) इस्त्री! बाजारपेठ अडीचेक किलोमीटर. आम्ही रिकाम्या हातांनी धापा टाकत होतो, ती पुढे.

"बसा थोडं," मी म्हटलं.

"बसले तर दुसरी खेप चुकंल, ताई."

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायलाही सांगितलं. चांगलंच झालं. मी तिला तसं म्हटलं.

"त्यांचं झालं बरं. पण रिक्षातून बॅगा जाया लागल्या, तर मी काय वाहू?"

मला उत्तर सुचलं नाही. परतताना तीच भेटली. मी माझी बॅग उचलायला वाकले, तर तिनं हात धरला.

"राहू द्या ताई, मजुरी बुडंल माझी."