कावीळ उतरली, तरी दमाने घ्या



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे. मागच्या पावसाळ्यात आम्हांला कावीळ झाली. डोळे पांढरे झाले तशी मोटारसायकल काढली आणि लागणीच्या नोंदी घ्यायला निघालो. दुसऱ्या शिवारातच पाय गळाले. बांधावर बसलो, ते एका सभासदाने ट्रॅक्टरवर घालून घरी आणून सोडले.

दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ 'ए' किंवा 'ई' या विषाणूंची असते. २०१२ साली इचलकरंजीत पसरली ती 'ई' प्रकारची. बहुतेक रोगी आपसूक बरे होतात. पण पिवळेपणा गेला म्हणजे यकृताची सूज पुरती गेली असे नव्हे. थकवा काही आठवडे राहतो, कुणाला महिनेही लागतात. 'ए' प्रकार तर क्वचित उलटतो.

म्हणून अंगाचा अंदाज घेत कामाला लागावे. नुसते अंथरुण धरून राहण्याचीही गरज नाही. भूक लागू लागली की घरातली हलकी कामे, मग सकाळी शेतावर एक फेरी. दुसऱ्या दिवशी जास्त दमल्यासारखे वाटले तर तेवढेच कमी करावे. रात्रीचे दारे धरणे, मोळ्या उचलणे शेवटी. फवारणीचा पंप मात्र रक्ताची तपासणी ठीक येईपर्यंत पाठीवर घेऊच नये. दारूचे नाव डॉक्टर सांगेपर्यंत नको, आणि अंगदुखीच्या गोळ्या वा झाडपाला मनाने घेऊ नये; तो भार यकृतावरच पडतो. पुन्हा डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा माणूस बरळू लागला तर तडक दवाखाना गाठावा.

हळद पिवळी म्हणून आमच्या घरी भाजीतूनही बंद झाली होती! तसे काही कारण नाही. साधे घरचे जेवण चालते.

आणि उसाचा रस. आमच्याच तोंडून हे ऐकून नवल वाटेल, पण रसाने कावीळ बरी होत नाही. साखर पोटात जाते, थोडी तरतरी येते इतकेच. गाड्यावरचा बर्फ आणि पेले धुण्याचे पाणी खराब असेल, तर कावीळ तिथूनच यायची.

घरात गरोदर बाई असेल तर जास्त जपा. 'ई' प्रकार तिच्या जिवावर बेतू शकतो, शेवटच्या तीन महिन्यांत विशेष. तोडणीच्या टोळीतही अशा बाया असतात. खोपीवर पिण्याचे पाणी कुठून येते, ते फडाच्या मालकाने एकदा स्वतः जाऊन पाहावे. शंका असेल तर खळखळून उकळून घ्यायला सांगावे, त्यासाठी जळण आपणच द्यावे.